घासलेली जागा

मान हलली. एवढंच झालं. वाचनालयाच्या पुढच्या खोलीत, टेबलावर पांढरं धोतर अंथरून मांडलेल्या जुन्यापुराण्या वस्तूंच्या पलीकडून आबासाहेबांनी विचारलं, "हो ना, मुक्ताबाई?" आणि मुक्ताबाईंची मान खाली गेली, वर आली. शब्द एकही नाही. ओठसुद्धा हलले नाहीत. गुरुवार होता, चातुर्मासातला गुरुवार, आणि चातुर्मासातल्या गुरुवारी मुक्ताबाई पहाटेच्या आंघोळीपासून दिवेलागणीपर्यंत बोलत नसत. हे आता आपल्या दूधवाल्याच्या म्हशीलाही ठाऊक झालंय, असं त्यांचे यजमान कुंडलिकराव म्हणत. चौदा वर्षांचा नेम. तो त्या दिवशीही मोडला नाही. घरी परत येताना, पदराखाली तांब्याची कळशी धरून मंडईच्या कडेकडेनं चालताना, त्यांच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की नेम मोडला नाही. आणि दुसऱ्याच पावलाला या विचाराचीच त्यांना लाज वाटली. आणि ती लाज कुणाला दिसली तर नाही ना, म्हणून त्यांनी पदर आणखी पुढं ओढला.

वाचनालय म्हणजे मंडईमागच्या दोन खोल्या. एकीत कपाटं, दुसरीत वर्तमानपत्रांचं लांब टेबल आणि दोन बाकं. पण आबासाहेब शाळेतून निवृत्त होऊन तिथं चिटणीस म्हणून बसायला लागले तेव्हापासून महिन्यातल्या एका गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, तिथं गावाच्या इतिहासाची बैठक भरू लागली होती. "राजांचा इतिहास लिहायला पुण्यात माणसं आहेत," आबासाहेब म्हणत, "आपला इतिहास आपापल्या माळ्यावर पडलाय अडगळीत, तेवढा खाली काढा." मग कधी कुणी म्हातारा येऊन जुन्या बाजाराचं सांगे, कधी कुणी घोड्यावरून येणाऱ्या मामलेदाराचं, आणि आबासाहेब निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत ते उतरवून घेत. एकदा दोन म्हातारे, वेशीतला लिंब डाव्या अंगाला होता की उजव्या, यावरून हातघाईवर आले, तर आबासाहेबांनी दोन्ही लिंब लिहून घेतले. श्रावणात त्यांनी नवीन काढलं: प्रत्येक घरानं एक जुनी वस्तू आणायची, सोबत चिठ्ठी लिहायची, आणि दोन बाजार त्या सगळ्यांना बघायला मांडायच्या. कुणी अडकित्ता आणला, कुणी पगडीचा डबा, कुणी शंभर वर्षांचा म्हणून एक कंदील आणला, त्याच्या काचेवर जपानचं नाव होतं. मुक्ताबाईंनी कळशी नेली. रोज सकाळी पिंपळाला आणि तुळशीला पाणी घालायची तीच, म्हणून बाजार उठला की ती घरी परत न्यायची असं ठरलं. चिठ्ठी कुंडलिकरावांनी सांगितली, मुक्ताबाईंनी लिहिली. अक्षर त्यांचं चांगलं, टपोरं. 'कै. छबूबाई यांच्या माहेरची कळशी. अंदाजे सत्तर वर्षांपूर्वीची.' छबूबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई. 'माहेरची' लिहिताना टाक जरासा अडला होता, पण तो टाकाचा दोष असेल, असं तेव्हा त्यांनी ठरवून टाकलं.

ती बाई आली ती ऊन चुकवायला म्हणून आली. साठीच्या पुढची, काटक, हिरवं लुगडं, पाटी उंबऱ्याबाहेर ठेवलेली. पाटीत वांगी आणि गवार. "हितं काय मांडलंय वं? इकायचं हाय का?" असं विचारत ती टेबलाशी आली, आणि आबासाहेब हसत "नाही नाही, नुसतं बघायचं" म्हणेपर्यंत तिचा हात कळशीवर पडला होता. बघणाऱ्याचा हात नव्हता तो. बघणारा माणूस भांड्याला वरून हात लावतो. हिचा हात सरळ कळशीच्या पोटाखाली गेला, आंधळ्याचा जावा तसा, आणि तिथल्या पोच्यात तिचा अंगठा जाऊन बसला. बसला आणि तिथंच राहिला.

"ही कुनाची?"

आबासाहेबांनी चिठ्ठी वाचून दाखवली. "ह्या बाईंच्या सासूबाईंची. त्यांच्या माहेरची. हो ना, मुक्ताबाई?"

तेव्हा मान हलली.

"आसंल," ती म्हणाली. अंगठा काढला नाही. "आमच्या मायचीबी आशीच व्हती. तिलाबी हितंच पोचा. मीच पाडली व्हती हिरीच्या काठावर, तवा मायनं ह्या गालात दिली व्हती." तिनं डाव्या गालाला हात लावला आणि हसली, मार आठवून हसावं तसं. मग म्हणाली, "भांड्यावर नाव आसतंय न्हवं? बघा की काय नाव हाय."

आबासाहेबांनी चष्मा कपाळावर चढवून, कळशी उजेडाकडे फिरवून पाहिलं. "होतं वाटतं काहीतरी. घासून गेलंय. काही दिसत नाही."

"आसंल बया," ती पुन्हा म्हणाली. आणि मुक्ताबाईंकडे वळून, "ह्या बाई बोलत न्हाईत व्हय?"

"मौन आहे त्यांचं. गुरुवारचं."

तेव्हा त्या बाईनं दोन्ही हात जोडून मुक्ताबाईंना नमस्कार केला. "लई पुन्यवान," ती म्हणाली.

आबासाहेबांना ती गोष्ट सोडवेना. त्यांनी तिला बाकावर बसवली, पाणी दिलं, निळी वही उघडली. नाव प्रयागबाई, राहणार सांगवी. आणि प्रयागबाई सांगत गेली, आणि मुक्ताबाई भिंतीला टेकून ऐकत राहिल्या, कारण ऐकायला मौनाची आडकाठी नव्हती. "मी सात-आठ वर्साची आसंन. पलेग आला. उंदीर पडाय लागलं तसं समदं गाव रानात गेलं, झोपड्या घालून. माय म्हनली, भांडी रानात कुठं न्यायची, जातील चोरापोरी. मंग रामाच्या देवळामागं एका घरात ठिवली. ती घरवाली म्हनली, ठेव बाई, आल्यावर ने. तर परत याया कोन ऱ्हायलं? आदी बा गेला, तिसऱ्या दिशी माय. मला लांबच्या चुलत्यानं कऱ्हाटीला नेलं."

"आईचं नाव?" आबासाहेबांनी टाक उचलून विचारलं.

"न्हाय ठावं."

बाकावरचा एकजण हसला. "आईचं नाव ठाऊक नाही म्हणजे?"

"आरं बाबा, मी तिला मायच म्हनायची. बा 'अगं' म्हनायचा. आजी म्हनायची इंदापुरकरीन, तिकडची व्हती म्हनून. कऱ्हाटीत समदी 'ती मेल्याली' म्हनायची. नाव घ्यायचं काम कुनाला पडलं? नाव त्या कळशीवर तेवढं व्हतं, तिच्या बापानं लग्नात घालून दिल्यालं. पर मला वाचाय कुठं येतंय? तवा येत न्हवतं, आता बी न्हाय." तिनं पदरानं ओठ पुसले. "आमच्या रानात मी समद्या पितरांना पान वाढती. मायचं पान वाढताना नुसतं 'माय' म्हनती. देवाला कळत आसंल का वं, कुनाची माय?"

रामाच्या देवळामागं एकच घर होतं ज्यात तेव्हा माणसं राहिली, मुक्ताबाईंच्या सासरचं. कुंडलिकरावांचे वडील कचेरीत कारकून, त्यांना गाव सोडायची परवानगी नव्हती.

दिवेलागणीला मुक्ताबाईंनी देवापुढं दिवा लावला. मौन सुटलं की पहिला शब्द देवाचा, असा त्यांचा नेम. त्या संध्याकाळी तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. कुंडलिकराव ओसरीतून म्हणाले, "सुटलं का? का यंदापासून शुक्रवारही घेतलात? तसं असेल तर सांगा, म्हणजे मी आपला चहा स्वतः ठेवतो." त्यांचा हा विनोद दर गुरुवारचा. मुक्ताबाईंनी चहा ठेवला. पाण्याला आधण येईपर्यंत त्या मोरीकडे बघत राहिल्या, जिथं कळशी पालथी घातली होती, आणि तीस वर्षांपूर्वीची एक सकाळ त्यांच्यासमोर अशी उभी राहिली की ती कधी गेलीच नव्हती जणू. पंधरा वर्षांची नवी सून, हातात हिरवा चुडा, चौथी पास झाल्याचा गर्व. सासूबाईंनी घासायला कळशी दिली. मुक्तानं ती उन्हाकडे फिरवली, तर गळ्याखाली बारीक टिंबांनी ठोकून घातलेलं नाव. शाळेत फळ्यावरचं वाचावं तसं बोट फिरवत तिनं ते मोठ्यानं वाचलं. नाव, आणि त्याखाली 'इंदापूर'. किती छान वाचलं, असं कुणीतरी म्हणेल म्हणून तिनं वर पाहिलं. सासूबाईंचे हात थांबले होते. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, कारण राग विसरता येतो. त्यांनी फक्त विटकरीच्या भुकटीची मूठ त्या जागेवर ठेवली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सूनबाई, ह्या बाजूला हात जड ठेवायचा."

एवढंच. आणि मुक्ताचा हात जड झाला. चिंच, राख, विटकर. आधी टिंबं मोहरीएवढी होती, मग खसखशीएवढी झाली, मग नुसतं काहीतरी खरखरीत लागायचं बोटाला, आणि मग तेही लागेना. कितव्या वर्षी लागेनासं झालं ते त्यांना सांगता आलं नसतं. सासूबाई एकदा शेजारणीशी बोलताना म्हणाल्या होत्या, "त्यांची पोर जगली म्हणतात. कऱ्हाटीला आहे म्हणे कुठंतरी." मुक्ता तेव्हा तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नव्हती. म्हणजे ठाऊक होतं. अंधूक नाही, चांगलं ठाऊक होतं. फक्त ते ठाऊक असणं त्यांनी स्वतःपासून अशा ठिकाणी ठेवलं होतं की तिथं रोज हात जात होता आणि नजर जात नव्हती. सासूबाई जाऊन अठरा वर्षं झाली. जड हात ठेव म्हणणारं कुणी उरलं नाही. आणि तरी काल सकाळीसुद्धा, बुधवारी, कळशी घासताना त्या बाजूला त्यांचा हात जड पडला होता. ते त्यांना आत्ता, चहाचं आधण उतू जाताना कळलं. कुणी सांगितल्याशिवाय. सवयीनं. देवाच्या कामाला भांडं लख्ख हवं म्हणून.

"ती कळशी त्या बाईच्या आईची आहे," त्या म्हणाल्या. दिवसातला पहिला शब्द हा झाला.

कुंडलिकरावांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली. त्यांना नवल वाटलं नाही, हे मुक्ताबाईंच्या लक्षात आलं. "असेल," ते म्हणाले. "आईनं ठेवून घेतली असेल. तेव्हा कोण परत आलं, कोण नाही, याचा कुणाला पत्ता? अहो, तिच्याकडे राहिली असती तर तिनं मोडीत घातली असती. आपल्याकडे तुळशीला पाणी जातंय. वाईट काय त्यात?"

"मी मान हलवली."

"मग? तोंडानं खोटं बोललात का?"

हे त्यांनी चेष्टेत म्हटलं की खरंच, कळलं नाही. पण दिवसभर ज्याची मुक्ताबाई स्वतःशी समजूत घालू पाहत होत्या ते नेमकं तेच होतं, आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर त्याचा वास आला, शिळ्या ताकासारखा. "आबासाहेबांच्या वहीत आता काही लिहायचं राहिलंय का?" कुंडलिकराव पुढं म्हणाले. "आईला जाऊन इतकी वर्षं झाली. आता गावासमोर तिचं नाव घालवायचं?"

तिचं नाव. मुक्ताबाईंनी रिकामी बशी उचलली. पुढचे तीन दिवस त्यांच्या मनात फक्त एकच गोष्ट फिरत राहिली: मी वाचलं होतं. या तोंडानं, मोठ्यानं. जगात आता दुसरं कुणी नाही ज्यानं ते नाव वाचलं असेल. सासूबाई गेल्या; जिची कळशी तिचे आईबाप गेले, नवरा गेला. त्या बाईचं नाव शेवटचं उच्चारलं गेलं ते मुक्ताच्या तोंडून, मोरीच्या दगडावर, शाबासकी मिळावी म्हणून. ते काय होतं? पहाटे पूजेला बसल्यावर देवाची हजार नावं त्या म्हणत. पुस्तक लागत नसे. चौदा वर्षांत एकही नाव गाळलं नाही, एकही पुढंमागं झालं नाही. शुक्रवारी पहाटे, सहाशेच्या आसपास, मध्येच जिभेवर आलं, गोदा? आणि पुढचं नाव हरवलं. त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. शनिवारी पुन्हा. गोजरा? सगुणा? नाही. ज्या क्षणी नाव मनात येई त्या क्षणी मोरीवरची ती मुक्ता, हिरव्या चुड्याची, वर बघून मान हलवी: नव्हे, हे नव्हे. तिला ठाऊक होतं. पण ती सांगत नव्हती. हजार नावं तोंडपाठ आणि एक येत नाही. आणि जे येत नाही त्याच्यासाठीच कुणीतरी वर्षानुवर्षं रानात पान वाढून नुसतं 'माय' म्हणत थांबलेलं. मुक्ताबाईंनी जपमाळ खाली ठेवली. आपल्या पाठांतराचा त्यांना अभिमान होता. किती अभिमान होता ते त्यांना त्या वेळी दिसलं, आणि देवासमोर बसून कान तापले.

सोमवारी त्या इंदापूरला गेल्या. "महादेवाला जाऊन येते," असं कुंडलिकरावांना सांगितलं. आयुष्यातलं पहिलं तोंडी खोटं, आणि ते इतकं सहज निघालं की मान हलवण्यापेक्षाही सोपं वाटलं. एस.टी.त कळशी मांडीवर, जुन्या लुगड्याच्या धडक्यात गुंडाळलेली. गाडी खड्ड्यात आपटली की आत कळशी घुमायची, आणि शेजारची बाई म्हणाली, "रिकामंच भांडं नेताय व्हय? आपशकुन हाय बाई, चार दाणं तरी टाकायचं." मुक्ताबाईंनी पिशवीतून देवासाठी घेतलेल्या तांदळाची मूठ कळशीत टाकली. मग ते तांदूळ सारा रस्ता आत खुळखुळत राहिले, कुणीतरी हळू आवाजात काही सांगत असल्यासारखे. त्यांनी कान देऊन ऐकलं. शरमल्या.

तांबट आळीत आता दोनच दुकानं उरली होती. एकात ॲल्युमिनियमच्या भांड्यांची चळत. दुसऱ्यात दत्तोबा. डोळ्यात फूल पडलेलं, पण बोटं शाबूत. कळशी हातात घेऊन त्यानं वाजवली, पालथी केली, काठावरून नख फिरवलं आणि म्हणाला, "आमच्याच घरची. काठ आसा दुमडायचा तो माझा बा. कुठली म्हनायची ही?"

"नाव वाचून हवंय," मुक्ताबाई म्हणाल्या.

दत्तोबानं तेलाचं बोट फिरवलं, त्यावर दिव्याची काजळी चोळली, मग सुती चिंधीनं अलगद पुसून घेतली. काळं जिथं जिथं खोलगट असेल तिथं राहतं. मुक्ताबाई वाकून बघत होत्या. खालच्या ओळीत सहा-सात काळे ठिपके राहिले. "हे इंदापूरच," दत्तोबा म्हणाला, "हितला 'पू' दिसतोय. वरच्या वळीला शेवटाला 'बाई' आसंल, ही काना-मात्रा न्हाई का. आन् त्याच्या आदी..." त्यानं कळशी डोळ्याशी नेली, मग डोळा मिटून अंगठ्यानं चाचपली. बराच वेळ चाचपली. "त्याच्या आदी काय न्हाय. पाटी कोरी." मग म्हणाला, "बाई, येक इचारू का? राग नका मानू. भांडं वापरून झिजतंय ते सगळीकडून सारखं झिजतंय. हे येकाच जागी झिजलंय. हितं पत्रा बघा, पानासारखा झालाय, दाबला तर दबतोय. हे आपसूक न्हाय झालं. कुनी घासलं?"

रस्त्यावरून ट्रक गेला. ॲल्युमिनियमची चळत थरथरली. मुक्ताबाईंना वाटलं, सासूबाईंचं नाव सांगावं. ते खोटंही झालं नसतं. जीभ टाळ्याला लागलीसुद्धा.

"मी," त्या म्हणाल्या.

दत्तोबानं वर पाहिलं नाही. "बरं," म्हणाला. "नवीन घालू का? टिंबं बापासारखी न्हाय येनार, पर येतील. काय घालू नाव?"

मुक्ताबाईंनी कळशी धडक्यात परत गुंडाळली. महादेवाला न जाताच त्या परतीच्या गाडीत बसल्या, आणि आपलं गाव येईपर्यंत बायकांची जितकी नावं ऐकली होती तितकी म्हणत राहिल्या, ओठ न हलवता, मोरीवरच्या त्या पोरीच्या तोंडाकडे बघत.

दुसरा गुरुवार उजाडला. आंघोळ झाली, मौन सुरू झालं. पिंपळाला पाणी त्यांनी पितळी तांब्यानं घातलं. कुंडलिकराव पेपरातून डोकं वर काढून बघत राहिले. वाचनालयात त्या दिवशी गर्दी होती. पलेगाची हकीगत गावात पसरली होती, आणि राहिलेली लिहून घ्यायला आबासाहेबांनी प्रयागबाईला मुद्दाम बोलावून आणलं होतं. ती बाकाच्या टोकाला बसली होती, हातात गवारीची एक शेंग, ती मोडत. मुक्ताबाई टेबलापाशी गेल्या. कळशी ठेवली. आपल्या टपोऱ्या अक्षरातली चिठ्ठी उचलली आणि दोन तुकडे केले. फाडल्याचा आवाज फार मोठा आला.

"ही माझ्या सासूबाईंची नाही," त्या म्हणाल्या. आवाज त्यांच्याच कानांना परका लागला. गुरुवारचा आवाज त्यांनी चौदा वर्षांत ऐकला नव्हता. "प्रयागबाईंच्या आईची आहे. आमच्या घरी ठेवली होती. आम्ही दिली नाही. मला ठाऊक होतं. त्या दिवशी मी मान हलवली."

कुणीतरी मागून पुटपुटलं, "अगं बाई, मौन मोडलं की." दुसऱ्या कुणी हसू दाबलं. मुक्ताबाईंना वाटलं होतं की बोलल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. आबासाहेबांनी घसा साफ केला, नवी चिठ्ठी पुढं ओढली, शिक्षकाच्या हातानं सावकाश लिहिलं: 'प्रयागबाई, सांगवी, यांच्या आईची कळशी. नाव', आणि टाक उचलून धरला. सवयीनं. "नाव?"

प्रयागबाई उठून उभी राहिली होती. कळशीकडे नव्हे, मुक्ताबाईंच्या तोंडाकडे बघत होती, तहान लागलेलं माणूस विहिरीत वाकून बघतं तसं. "तुमी वाचलं व्हतं?"

"एकदा. मोठ्यानं. मी पंधरा वर्षांची होते."

"मंग सांगा की."

टाकाच्या टोकाला शाईचा थेंब जमला. मुक्ताबाईंचं तोंड उघडं होतं. ज्या तोंडाला पहाटे हजार नावं येत त्यात वाराच फक्त होता. "आठवत नाही," त्या म्हणाल्या. "मी घासलं ते. रोज."

थेंब चिठ्ठीवर पडला. प्रयागबाईनं कळशी घेतली, अंगठा पोच्यात बसवला, मग दुसऱ्या हातानं गळ्याखालची ती पातळ जागा चाचपली, एकदा, दोनदा, लहान मुलाच्या टाळूवरून फिरवावा तसा हात. शिवी देईल, रडेल, असं सगळ्यांना वाटत होतं. मुक्ताबाईंना तर ती शिवी हवी होती. पण प्रयागबाई बाजारच्या बाईसारखी, भाव ठरवावा तसं शांतपणे म्हणाली, "लई गुळगुळीत केलंय वं." आणि मग, "पर येकदा वाचलंय न्हवं? मोठ्यानं? मंग तोंडात कुठंतरी आसंलच. जातंय कुठं. घाई न्हाय. मी हितं दर बाजारी येतीया."

पाटीतली वांगी एका अंगाला सारून तिनं कळशी मधोमध बसवली, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि पाटी उचलली. आत इंदापूरचे तांदूळ खुळखुळले. तिनं ते काय आहे म्हणून विचारलं नाही.

ती चिठ्ठी आबासाहेबांनी टाकली नाही. रिकाम्या जागेवर शाईचा डाग असलेली, निळ्या वहीत तशीच ठेवली. गावात चार दिवस बोलणं झालं, मग दुसरं काही निघालं. कुंडलिकराव आठवडाभर घुम्यासारखे राहिले आणि मग त्यांनी बाजारातून नवी कळशी आणली, चकचकीत, त्यावर दुकानदारानं यंत्रानं घातलेलं मुक्ताबाईंचं नाव. मुक्ताबाई ती घासतात. हात त्या जागेशी आला की थांबतो. गुरुवारचं मौन त्यांनी सोडलं नाही, पण त्याला त्या आता व्रत म्हणत नाहीत. कुणी विचारलं तर म्हणतात, बोलायला काही नसतं त्या दिवशी. आणि ऊन चढलं की त्या वाचनालयाच्या पायरीवर जाऊन उभ्या राहतात. मंडईच्या कोपऱ्यावर हिरवं लुगडं दिसतं. प्रयागबाई पाटी खाली ठेवते, कमरेवर हात देऊन सरळ होते आणि वर बघते. विचारत काही नाही.

मुक्ताबाईंची मान हलते, डावीकडून उजवीकडे.

"बरं," असं प्रयागबाई म्हणते, आणि गवार मांडायला बसते.